आधी औषध, मग ऑपरेशन – पण कागद हलला तर!

"ऑपरेशन कधी करणार ते सांगा, नाहीतर आम्ही इथून हलणार नाही." दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयात सर्जनच्या टेबलासमोर उभे राहून आम्ही हे वाक्य बोललो. सोबत शाखेचे पाच-सहा पदाधिकारी होते. ज्याच्यासाठी गेलो होतो तो ट्रॅक मेंटेनर बंधू मागे दाराशी हात बांधून उभा होता. त्याच्या पत्नीच्या स्तनात लिंबाएवढी गाठ निघाली होती. सुईने तुकडा काढून तपासणी झाली होती आणि कॅन्सर हे निश्चित झाले होते. डॉक्टर मात्र म्हणत होते, ऑपरेशन आता नाही, साडेचार महिन्यांनी.

साडेचार महिने! घराला आग लागली असता बंब साडेचार महिन्यांनी येईल असे कोणी सांगितले तर कोण ऐकून घेईल? आम्हाला वाटले, नेहमीचीच टाळाटाळ. बेड रिकामा नाही, भूल देणारे डॉक्टर रजेवर आहेत, बाहेर रेफर करायला साहेबांची सही नाही, हेच रडगाणे आज गोड शब्दांत ऐकवले जात आहे.

डॉक्टर वयाने आमच्या मुलाएवढे. पण चिडले नाहीत. शिपायाला सांगून खुर्च्या मागवल्या आणि एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागे चित्र काढून अर्धा तास समजावले. आम्ही मॅट्रिक झालेले. चित्र समजले, पटले मात्र नाही. पुढे आणखी दोन ठिकाणी जाऊन विचारले, मिळेल ते वाचले, आणि आज कबूल करतो की डॉक्टर बरोबर होते, आम्ही चुकीचे होतो. संघटनेचा सेक्रेटरी चुकला हे आपल्या अंकात छापण्याची रीत नाही. तरीही हे छापाच, असा आग्रह आम्ही संपादकांकडे धरला. कारण पुढच्या काही महिन्यांत त्याच भगिनीच्या उपचारात जो घोळ झाला, तिथे भांडायला हवे होते आणि तिथे आम्ही उशिरा पोहोचलो.

त्या फॉर्मच्या पाठीमागच्या चित्रात काय होते ते आमच्या भाषेत सांगतो. कुठे चुकले तर जाणकारांनी खुशाल कान धरावा.

स्तनाचा कॅन्सर म्हणून ज्याला आपण एक आजार समजतो तो एक नाही. काही गाठी शरीरातल्या हार्मोनवर पोसतात. काही गाठींच्या पेशींवर 'हर-टू' नावाच्या प्रथिनाची गर्दी झालेली असते. काहींत यातले काहीच सापडत नाही, त्यांना ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. शंभरातल्या साधारण १५ ते २० गाठी हर-टूच्या असतात. निरोगी पेशीवरही हे हर-टू असतेच, पण थोडे. पेशीला वाढण्याचा सिग्नल देणे हे त्याचे काम. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते इतके वाढते की यार्डातले सगळे सिग्नल एकदम हिरवे व्हावेत आणि स्टेशन मास्तरच्या हातात काही राहू नये, तशी गत होते. औषध निघण्यापूर्वी हा प्रकार फार वाईट समजला जाई. गाठ झपाट्याने वाढे आणि ऑपरेशन करूनही परत येई.

या हर-टूलाच नेमके जाऊन चिकटणारे औषध अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाले. त्याचे नाव ट्रॅस्टुझुमॅब. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. डेनिस स्लेमन यांनी त्यामागे अनेक वर्षे घातली. नाव जिभेला जड आहे, पण 'ट्रॅक्शन डिस्ट्रिब्युशन' म्हणायला आपण शिकलोच की नाही? हेही शिकू. पुढे २०१२ साली पर्टुझुमॅब हे दुसरे औषध आले. तेही हर-टूलाच चिकटते, पण वेगळ्या जागी, आणि हर-टूला शेजारच्या प्रथिनाशी जोडी जमवू देत नाही. म्हणजे एका फाटकाला दोन ठिकाणी दोन कुलपे. केमोची जुनी औषधे वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालतात, म्हणून केस जातात, तोंड येते. ही नवी औषधे खूण पाहून घाव घालतात, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला टार्गेटेड थेरपी म्हणतात. आपण लक्ष्यवेधी औषधे म्हणू. ती अगदी निरुपद्रवी आहेत असे मात्र नाही. ट्रॅस्टुझुमॅबने काही जणींच्या हृदयाची ताकद कमी होते, म्हणून दर तीनेक महिन्यांनी इकोची तपासणी करावी लागते. ती चुकवू नये.

आता ही दोन कुलपे ऑपरेशनच्या आधीच लावली तर काय होते? याचा एक मोठा प्रयोग 'निओस्फिअर' या नावाने झाला. ४१७ स्त्रियांचे चार गट केले. सर्वांना ऑपरेशनपूर्वी चार डोस दिले, पण वेगवेगळ्या मिश्रणाचे. मग ऑपरेशन करून काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. केमोचे डोसेटॅक्सेल आणि एकटे ट्रॅस्टुझुमॅब मिळालेल्या गटात शंभरातल्या २९ जणींच्या स्तनात कॅन्सरची एकही पेशी उरली नव्हती. त्यात पर्टुझुमॅबची भर घातलेल्या गटात हा आकडा जवळजवळ ४६ झाला. केमो वगळून नुसती दोन लक्ष्यवेधी औषधे दिली तेव्हा तो सुमारे १७ वर राहिला. म्हणजे केमो नको, फक्त 'नवे इंजेक्शन' द्या असा आग्रह धरणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा. या निकालानंतर सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेने पर्टुझुमॅबला ऑपरेशनपूर्व वापरासाठी मंजुरी दिली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या आधी द्यायचे औषध म्हणून मंजूर झालेले ते पहिलेच.

पण आमच्या डोक्यात घोळणारा प्रश्न वेगळाच होता. तीच औषधे ऑपरेशन उरकून दिली तर काय बिघडते? गाठ एकदाची बाहेर काढा, मग काय ते इंजेक्शन द्या. याचे उत्तर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे दिले. ते म्हणाले, नुसत्या क्रमाने आयुष्य वाढते असे नाही. अमेरिकेत १९८८ पासून १,५२३ स्त्रियांवर याचाच अभ्यास झाला. निम्म्यांना केमो आधी, निम्म्यांना नंतर. जगण्यात फरक पडला नाही. पण म्हणजेच आधी औषध दिल्याने, ऑपरेशन लांबल्याने, नुकसानही झाले नाही. आम्हाला ज्या साडेचार महिन्यांची धास्ती वाटत होती ते वाया गेलेले महिने नव्हेत. उपचार पहिल्या दिवसापासून सुरू झालेलाच असतो.

मग फायदा कशाचा? एक तर गाठ आक्रसते. ज्या स्त्रीचा संपूर्ण स्तन काढावा लागला असता तिचा पुष्कळदा वाचतो, काखेतल्या गाठींचे मोठे ऑपरेशनही काही वेळा टळते. ज्यांच्या काखेतल्या गाठींवर मोठे ऑपरेशन झाले आहे त्यांचा हात सुजतो, हे पाहिलेल्यांना माहीत आहे. घमेले उचलणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, टपालाची पिशवी खांद्याला लावणाऱ्या बाईचा हात म्हणजे तिची रोजीरोटी आहे.

दुसरा फायदा आम्हाला अधिक मोलाचा वाटला. गाठ शरीरात असतानाच औषध दिले की औषध लागू पडते की नाही हे डोळ्यांना दिसते. गाठ आधीच काढून टाकली तर औषध कशावर चालते आहे हे कळायला मार्ग नाही, अंधारात गाडी हाकावी तसे. ऑपरेशनच्या वेळी कॅन्सर पूर्ण गेलेला दिसला तर पुढचा रस्ता बराच निर्धास्त असतो. थोडा उरलेला सापडला तर औषध बदलता येते. 'कॅथरीन' नावाच्या अभ्यासात अशाच १,४८६ रुग्णांचा समावेश होता. ऑपरेशनपूर्वी औषधे घेऊनही ज्यांच्यात कॅन्सर उरला होता असे हे रुग्ण. निम्म्यांना पूर्वीचेच ट्रॅस्टुझुमॅब चालू ठेवले, निम्म्यांना त्याच औषधाला केमोचा रेणू जोडून केलेले टी-डीएम-वन दिले. तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरात ७७ जण आजार न परतता राहिले होते, दुसऱ्या गटात ८८. २०१८ च्या अखेरीस हा निकाल आला. ऑपरेशन आधी उरकले असते तर यांपैकी कुणाला नवे औषध हवे होते हे कळलेच नसते.

सर्वांना हे लागू नाही, हेही सांगून टाकतो. गाठ लहान, दोन सेंटीमीटरच्या आत असेल आणि काख स्वच्छ असेल तर पुष्कळदा ऑपरेशन आधी करतात. तो निर्णय डॉक्टरांचा. नाहीतर हा लेख वाचून एखादा बंधू उद्या सर्जनच्या टेबलासमोर उलटी घोषणा द्यायचा!

आता त्या भगिनीकडे येतो.

तिच्या तपासणीचा रिपोर्ट आला तो 'टू प्लस'. हर-टूची तपासणी शून्य, एक, दोन, तीन अशी मोजतात. तीन म्हणजे नक्की, शून्य किंवा एक म्हणजे हे औषध तिला नाही, आणि दोन म्हणजे शंका. शंका असली की फिश नावाची दुसरी तपासणी करावी लागते. ती सगळीकडे होत नाही, तुकडा बाहेर पाठवावा लागतो. तो पाठवायला वेगळी परवानगी लागली. परवानगीला बारा दिवस, रिपोर्टला आणखी अठरा दिवस. महिना गेला. बहीण घरी बसून वाट पाहते आहे आणि तुकडा मेणात घातलेल्या डबीत बसून सहीची वाट पाहतो आहे. वास्तविक पाहता दोन आले की फिश करायचीच, यात विचार करण्यासारखे काहीच नाही. मग दरवेळी नवी परवानगी कशासाठी?

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पहिला डोस मिळाला, एकवीस दिवसांनी दुसराही मिळाला. तिसऱ्याच्या वेळी केमोची साधी औषधे स्टोअरमध्ये होती, ती दिली गेली. लक्ष्यवेधी औषधांची जोडी मात्र आली नाही. कारण त्या कार्यालयाने प्रत्येक डोससाठी वेगळा इंडेंट, वेगळे कोटेशन, वेगळी फायनान्सची मंजुरी अशी पद्धत ठेवली होती. फाईलवर अकाउंट्सने पेन्सिलीने शेरा मारला होता: 'ऑपरेशन झालेले नसताना इतक्या किमतीचे औषध कशासाठी? खुलासा करावा.'

तो शेरा आम्ही स्वतः पाहिला आणि आमची मान खाली गेली. आम्ही सर्जनच्या टेबलासमोर जे विचारले होते तेच त्या बंधूने कागदावर विचारले होते. त्याला काय दोष द्यावा? तो आपल्याच युनियनचा सभासद आहे. त्याला कुणी समजावून सांगितलेच नव्हते.

चौथ्या वेळी औषध आले. म्हणजे दुसऱ्या डोसानंतर थेट सहा आठवड्यांनी. आता यातली गंमत पाहा, गंमत म्हणावी की काय हे वाचकांनी ठरवावे. पर्टुझुमॅबचा नियम असा की पहिला डोस दुप्पट, ८४० मिलिग्रॅमचा, नंतरचे ४२० चे. पण दोन डोसांत सहा आठवडे किंवा अधिक अंतर पडले तर पुन्हा पहिल्यासारखा दुप्पट डोस द्यावा लागतो. एका कुपीच्या जागी दोन. पैसे वाचवण्यासाठी अडवलेल्या फाईलने प्रशासनाला एक कुपी जादा विकत घ्यायला लावली!

ऑपरेशन झाले तेव्हा स्तन वाचला. पण आत थोडा कॅन्सर उरला होता. तिसरा डोस वेळेवर मिळाला असता तर तो उरला असता की नाही? हे कोणीही सांगू शकत नाही, आणि आम्हीही छातीठोकपणे सांगणार नाही. शंभरातल्या अनेक जणींमध्ये सगळे डोस वेळेवर मिळूनही थोडा उरतोच. पण त्या नवऱ्याला हा प्रश्न जन्मभर पुरणार आहे. रात्रपाळीला पेट्रोलिंग करताना तो हाच विचार करत चालतो, असे त्याने आम्हाला सांगितले. पुढे टी-डीएम-वनचे चौदा डोस मंजूर करून घ्यायचे होते. त्या वेळी मात्र आम्ही आधीपासून कामाला लागलो. चौदाही डोसांची एकदम मंजुरी घेतली आणि एकही चुकला नाही. आज ती घरी आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते. मुलगी दहावीला आहे.

आमच्यातले काही जुने सहकारी म्हणतात, सेक्रेटरी, हे सगळे कंपन्यांचे महागडे धंदे आहेत, आपण त्यांची जाहिरात कशाला करायची? त्यांचा राग खोटा नाही. ट्रॅस्टुझुमॅबची ४४० मिलिग्रॅमची एक कुपी आपल्याकडे एके काळी लाखाच्या वर होती. कामगाराच्या बाईने घर विकावे की जीव, असा तो भाव होता. पण तो भाव आपोआप खाली आला काय? २०१२ साली स्त्रिया, रुग्ण आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र आले, हे औषध परवडेल अशा दरात मिळावे म्हणून मोहीम उभी केली. सरकारात सक्तीच्या परवान्याचा विचार सुरू झाला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रोश कंपनीने इथल्या पेटंटचा आग्रह सोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस बायोकॉनच्या भारतीय औषधाला मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या सुरुवातीला ते ५७,५०० रुपयांना बाजारात आले. पुढे आणखी कंपन्या उतरल्या. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रॅस्टुझुमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. पर्टुझुमॅबचेही भारतीय औषध आता निघाले आहे आणि त्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात कंपन्यांची जुंपली होती. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन या आणखी नव्या औषधावरील सीमाशुल्क काढले गेले. आपण औषधाचे नाव उच्चारायचेच नाही असे ठरवले तर या लढाईत आपण कुठे आहोत?

आणि भाव पाडण्याचा जो मार्ग आहे तो तर आपल्या घरचा आहे. टाटा मेमोरिअलच्या पुढाकाराने २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड स्थापन झाली. देशभरातली कॅन्सर रुग्णालये त्यात आहेत. त्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधांची एकत्र खरेदी करायचे ठरवले. वेगवेगळे गेलो तर कंपनी दाराशी उभे करत नाही, सगळे मिळून गेलो तर कंपनी चहा पाजते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या एका खरेदीत १,३२० कोटी रुपये वाचले. काही औषधांचे दर चौथाईने उतरले, काहींचे तर रुपयाचे पैशांवर आले. याला आपण सामुदायिक सौदा म्हणतो. डॉक्टरांनी तो औषधाच्या बाबतीत केला. मग रेल्वेच्या एखाद्या विभागातल्या स्टोअर क्लार्कने एका कुपीसाठी गावातल्या तीन दुकानांची कोटेशने का गोळा करत बसावे? या गटखरेदीचा दर रेल्वेच्या, टपालाच्या आणि ईएसआयच्या प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महागड्यांतले काय आधी मागायचे, याबद्दलही आम्ही मत बनवले आहे. निओस्फिअरच्या स्त्रियांची पाच वर्षांनी पाहणी केली तेव्हा दोन्ही औषधे मिळालेल्यांत शंभरातल्या ८६ जणींचा आजार वाढला नव्हता, एकटे ट्रॅस्टुझुमॅब मिळालेल्यांत ८१ जणींचा. फरक आहे, पण तो प्रयोग इतका मोठा नव्हता की शपथेवर सांगावे. म्हणून पर्टुझुमॅब डॉक्टरांनी लिहिले तर मिळालेच पाहिजे, पण ट्रॅस्टुझुमॅबवाचून हर-टूची एकही स्त्री राहता कामा नये. दुसऱ्यासाठी अडून पहिले लांबवणे हा शुद्ध वेडेपणा. इंग्लंडमध्ये ४,००० हून अधिक स्त्रियांवर अभ्यास झाला, त्यात ऑपरेशनच्या आसपास एक वर्षाऐवजी सहा महिने ट्रॅस्टुझुमॅब दिले तरी चार वर्षांनी दोन्ही गट जवळजवळ बरोबरीने उभे होते. डॉक्टर आजही बहुधा वर्षाचाच कोर्स सांगतात, आणि ज्याला मिळतो त्याने पुरा करावा. पण पैसे संपल्यामुळे सहा महिन्यांवर थांबावे लागलेल्या बहिणीने सर्व व्यर्थ गेले म्हणून कपाळाला हात लावू नये.

स्वस्तातल्या औषधाचीही एक हकीकत इथेच सांगतो. टाटा मेमोरिअलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक अभ्यास केला. दात काढताना हिरडी बधिर करायला जे लिडोकेन टोचतात तेच गाठ कापण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती टोचले. बस्स, एवढेच. पाच वर्षांनी टोचलेल्या गटात शंभरातल्या ९० जणी हयात होत्या, न टोचलेल्यांत ८६. खर्च शंभर रुपयांच्या आत. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. एवढ्या स्वस्त औषधावर कुठली कंपनी प्रयोग करणार? ते काम अणुऊर्जा विभागाखालच्या, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयानेच केले. सार्वजनिक क्षेत्र कशाला हवे असे विचारणाऱ्यांना आम्ही हल्ली हेच उदाहरण देतो. याच संदर्भात, वाराणसीला लहरतारा येथे रेल्वेचे स्वतःचे कॅन्सर रुग्णालय होते. २०१८ साली ते टाटा मेमोरिअलकडे गेले आणि आज होमी भाभा कॅन्सर रुग्णालय म्हणून चालते. तिथे उपचार सुधारले याचा आनंदच आहे. पण एके काळी रेल्वेला स्वतःचे कॅन्सर रुग्णालय काढावेसे वाटले होते, हे बोर्डाला अधूनमधून आठवण करून द्यावे म्हणून लिहिले.

आता आपल्या पदरात किती शुद्ध आहे तेही पाहू. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि ९८ हजार दगावल्या. निम्म्याहून अधिक! औषध कितीही उत्तम असले तरी गाठ लिंबाची नारळ झाल्यावर येणाऱ्या बाईला ते किती उपयोगी पडणार? त्या भगिनीला गाठ सात महिने माहीत होती. सासूला सांगितले नाही, नवऱ्याला सांगितले नाही. नवरा ब्लॉकच्या कामाला, आठवडा-आठवडा बाहेर. आपली पी.एम.ई. डोळे तपासते, रंग ओळखायला लावते, पण महिला गेटकीपरला किंवा पॉइंट्सवूमनला हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरिअलने १९९८ पासून वीस वर्षे एक काम केले. १ लाख ५१ हजारांवर स्त्रिया घेतल्या. त्यांतल्या निम्म्यांची शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी केली. यंत्र नाही, फिल्म नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. वयाने त्याहून लहान स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही खरे, पण त्यांच्याही गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या. रेल्वे कॉलनीत, टपाल वसाहतीत हे करायला काय अडचण आहे? हॉल युनियनचा आहे, सतरंजी युनियनची आहे, आरोग्यसेविका प्रशासनाने द्यावी.

ज्यांना कार्डच नाही त्यांचे काय, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो आम्ही टाळत नाही. नियमित टपाल कर्मचाऱ्याला सीजीएचएस आहे, पण उन्हातान्हात सायकलवर चार वाड्या फिरणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला ते कार्ड नाही. डबे धुणाऱ्या कंत्राटी भगिनीचा ईएसआयचा हप्ता ठेकेदाराने भरला की नाही हे ती आजारी पडल्यावरच कळते. या दोघींना हर-टू झाला तर एकवीस दिवसांच्या अंतराने सहा डोस कोण देणार? कोटा, इटारसी, सिकंदराबाद, खरगपूर येथे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी बांधवांच्या आया-बहिणी गावी असतात. त्यांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे की रुग्णालयाचा दाखला असेल तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-टियर एसीचा प्रवास मोफत आहे आणि सोबत्याला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. आपण स्वतः तिकीट खिडकीवर बसतो, तरी आपल्याच नातेवाइकांना हे माहीत नसते. मुंबईला टाटात येणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे पाहावे.

आमच्या विभागाने पुढच्या पी.एन.एम. बैठकीसाठी तीन बाबी दिल्या आहेत. हर-टूचा रिपोर्ट 'टू प्लस' आला की फिश आपोआप पाठवावी, वेगळी परवानगी लागू नये. डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्व कोर्स लिहिला की सर्व डोसांची मंजुरी एकाच वेळी द्यावी आणि पुढच्या डोसाची कुपी आधीचा डोस देण्यापूर्वी फ्रिजमध्ये असावी. आणि अकाउंट्सच्या बंधूंसाठी वैद्यकीय विभागाने ऑपरेशनच्या आधी औषध का देतात हे एका पानावर मराठीत, हिंदीत लिहून द्यावे. ते पान लिहायला आम्ही त्या तरुण डॉक्टरांनाच विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे.

इतर शाखांच्या सेक्रेटरींना विनंती की आपल्याकडे अशी प्रकरणे असतील तर कळवावीत. नावे नकोत, घरचे तपशील नकोत. फक्त तारखा पाठवा: बायोप्सी कधी झाली, रिपोर्ट कधी हातात आला, इंडेंट कधी निघाला, डोस कोणत्या दिवशी होता आणि प्रत्यक्ष कोणत्या दिवशी मिळाला. बैठक पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा पत्र त्याआधी पोहोचेल असे पाहावे.